बहिऱ्या टर्नरचे पापनिवेदन

जे पाप नाहीच असे धर्मगुरू ठासून सांगतात, त्याची क्षमा माणसाने कुणाकडे मागावी? याचे उत्तर प्रस्तुत लेखकापाशी नाही. टर्नरपाशीही नव्हते; पण तो विचारत राहिला, एवढाच त्याचा मोठेपणा.

तोफगोळ्यांच्या कारखान्यात वीस वर्षे टर्नर म्हणून लेथवर गोळ्यांची कवचे कातून त्याचे कान गेले होते. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. दर शनिवारी पापनिवेदनाच्या लाकडी कोठडीत तो जाळीला तोंड लावून जे कुजबुजे, ते रांगेतल्या शेवटच्या म्हातारीलाही स्पष्ट ऐकू जाई. त्याला ऐकू जावे म्हणून फादरांनाही ओरडावे लागे. आणि रांग म्हणजे कारखान्यातल्या कामगारांची अख्खी पाळी, आपापली चिल्लर पापे मुठीत धरून उभी.

“फादर, या आठवड्यात चारशे कवचं कातली. माणसं मारायची.”

“ते पाप नाही, नोकरी आहे! दुसरं काही सांग. बायकोला शिव्या वगैरे?”

“दिल्या. त्याचं नंतर बघू. आधी चारशेचं बोला.”

रांगेतल्या फोरमनला एकाएकी छतावरची नक्षी फार आवडू लागली.

अखेर फादरांनी नियमावर बोट ठेवले. “सोमवारी पुन्हा लेथवर उभा राहणार ना? मग कसला पश्चात्ताप?” ब्याद टळली, असे त्यांना वाटले. सोमवारी टर्नरने नोकरी सोडली.

“सगळं गाव गोळे करतं आणि सुखानं जेवतं,” बायको कडाडली, “तुमचाच देव तेवढा सोवळा!”

शनिवारी तो जाळीशी टेकला. “सोडली. आता द्या क्षमा.”

क्षमा द्यावी, तर बाहेरची सारी रांग पापी ठरणार. फादर मुरलेले होते. “युद्ध चालू असताना काम टाकलंस, हेच पाप. याची कबुली दे, आत्ता क्षमा करतो.”

“त्याचा पश्चात्ताप नाही, फादर.”

“मग क्षमा नाही.”

टर्नर गुडघे झटकत उठला. त्याच्यामागून फोरमन आत शिरला आणि दोन मिनिटांत धुतल्या तांदळासारखा होऊन बाहेर आला.

क्षमेवाचून ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही; त्यानंतर दर रविवारी सारे चर्च त्यासाठी उठे, तेव्हा शेवटच्या बाकावर टर्नर एकटा बसून राही. बायको त्याचे पाय ओलांडून जाई. कोठडीत तो पुन्हा कधी गेला नाही.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कोठडीला आतून जाड बनातीचे अस्तर, युद्ध संपून गेल्यावर, १९४९ साली लावण्यात आले.