थांबाताईंची तारीख

ऑफिसात सगळे त्यांना थांबाताई म्हणत, अर्थात पाठीमागे. कुणी "झालं, पाठवून देऊ का?" म्हणायचा अवकाश, की ताईंचं उत्तर ठरलेलं, "थांबा, एकदा बघू." टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर ती सॉफ्टवेअर कंपनी होती आणि ताई तिथं कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधत होत्या. हे नाव त्यांना ठाऊक होतं. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई पोट धरून हसल्या. "लग्नाच्या वेळी माझ्या लेकाकडे बघून कुणी असं 'थांबा' म्हणालं असतं, तर सुटली असतीस गं!"

त्या वर्षी कंपनीकडे शहराच्या रुग्णवाहिकांचं काम आलं. मदतीचा फोन आला की जवळची मोकळी गाडी कुठली, हे फोनवर बसणाऱ्यांना पडद्यावर दिसावं. म्हटलं तर एवढंच. पण ज्याच्याकडे काम सोपवलं होतं तो गृहस्थ अर्ध्यावरच नोकरी सोडून गेला आणि भिजत घोंगडं मागे ठेवून गेला. साहेबांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, हे आता तुम्ही सांभाळायचं."

"मी? मी चुका काढते साहेब. काम कुठे चालवते?"

"दुसरं कुणी हात लावायला तयार नाही," साहेब खरं ते बोलून गेले. "आणि उद्घाटनाची तारीख ठरलीय. ती हलणार नाही."

ताईंनी जुनं वेळापत्रक उघडलं आणि कपाळाला हात लावला. कामाला काम खेटलेलं, श्वास घ्यायला जागा नाही आणि सगळी तपासणी शेवटच्या आठवड्यात कोंबलेली. "पाहुणे पानावर बसल्यावर आमटीत मीठ बघायचं होय!" त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि ते वेळापत्रक बाजूला सारून खुर्ची घेऊन एकेकाच्या टेबलाशी जाऊन बसल्या. कुणाला किती वेळ लागेल, हे त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

सगळ्यात जुने प्रोग्रामर म्हणजे बुवा. विचार करताना डोळे मिटून बसायचे, म्हणून बुवा. माणूस हुशार, पण कुठलंही काम विचारा, उत्तर एकच.

"दोन दिवसांत होईल."

"बुवा, दोन दिवस तुमचे की कॅलेंडरचे?"

आजूबाजूचे फिसकन हसले. बुवांनी डोळे मिटले, उघडले. "कॅलेंडरचे म्हणत असाल तर... आठवडा धरा."

सगळ्यांचे असे खरे आठवडे जोडले, तर ते तारखेच्या पार पलीकडे जात होते. ताई सरळ साहेबांकडे गेल्या. "तारीख हलत नसेल तर कामाला कात्री लावायला हवी."

"गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू?"

"तोंड मी दाखवते. तुम्ही नुसते सोबत चला."

रुग्णवाहिकांच्या फोनकक्षाच्या प्रमुख एक घोगऱ्या आवाजाच्या बाई होत्या. ठरलेल्या सगळ्या सोयी ताईंनी त्यांच्यासमोर मांडल्या आणि विचारलं, "यातलं काय नसलं तर माणूस दगावेल?"

 बाई भराभर बोलायला लागल्या. गाडी कुठे आहे ते कळलं पाहिजे. फोन नोंदवला गेला पाहिजे. चालकाला पत्ता मिळाला पाहिजे. "ते रंगीत आलेख ना, ते वरच्यांना हवेत. आम्हाला मान वर करायला फुरसत कुणाला आहे?"

आलेख पुढच्या वर्षावर गेले. आणखीही बरंच काही गेलं. उरलेल्या कामाचं ताईंनी नव्यानं वेळापत्रक केलं आणि त्यात दर टप्प्याला तपासणी घातली. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायचं, मग फोनकक्षातल्या कुणीतरी येऊन ते वापरून बघायचं. तोवर ते काम 'झालं' म्हणायचं नाही. मधे थोडे दिवस त्यांनी मोकळे सोडले होते. साहेबांचं बोट नेमकं तिथंच गेलं.

"हे दिवस रिकामे का?"

"छत्री पाऊस यायच्या आधी घ्यायची असते, साहेब."

साहेबांनी कुरकुरत बोट उचललं.

पहिले टप्पे सुरळीत गेले. ठिणगी पडली ती बुवांच्या कामावर. ते तपासायला शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या चष्मेवाल्या मुलीकडे आलं होतं. तिला दिसलं, की बोलणं चालू असताना फोन तुटला तर ती नोंद पडद्यावरून नाहीशी होते. तिनं तसं सांगितलं. बुवांचा पारा चढला.

"फोन तुटला तर लोक परत करतात! एवढ्याशा गोष्टीसाठी मी मुळापासून लिहू?" आणि त्यांनी चष्मेवालीशी आणि ही तपासणी घालणाऱ्या ताईंशीही बोलणं टाकलं.

ताईंनी सभा बोलावली नाही, चारचौघांत वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी बुवांना म्हणाल्या, "आज तुम्ही फोनकक्षात बसा. मी सांगितलंय तिकडे."

बुवा फुरंगटूनच गेले. दुपार व्हायच्या आत परत आले ते वेगळेच. घोगऱ्या बाईंच्या शेजारी कानाला हेडफोन लावून बसले असताना एका माणसाचा फोन आला होता. "बाबा श्वास घेत नाहीयेत," एवढंच तो म्हणाला आणि फोन तुटला. बाईंनी नंबर पटकन हातावर लिहून घेतला होता म्हणून परत लावता आला.

बुवा चष्मेवालीच्या टेबलापाशी उभे राहिले. "तू बरोबर होतीस. मी मुळापासून लिहितो." मग ताईंकडे वळले, "पण वेळ?"

"ठेवलाय," ताई म्हणाल्या.

ते मोकळे दिवस असे सत्कारणी लागले. या वेळी चष्मेवालीनं मागायच्या आधीच बुवा स्वतः काम तिच्याकडे घेऊन गेले, "बघ गं, काही राहिलंय का."

उद्घाटनाच्या सकाळी फोनकक्षात साहेब सारखा रुमाल काढत होते. पुढारी फीत कापून चहाला गेले आणि खरं काम सुरू झालं. पहिलाच फोन एका बाईचा, नवरा जिन्यावरून पडलेला. पत्ता अर्धा सांगून झाला आणि फोन तुटला. ताईंचा हात नकळत बुवांच्या मनगटावर गेला. पण नोंद पडद्यावर जागच्या जागी होती, नंबर होता, जवळची मोकळी गाडीही दिसत होती. घोगऱ्या बाईंनी एका बटणावर फोन परत लावला, उरलेला पत्ता घेतला, आणि गाडी निघाली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण दुसरा फोन आलाच होता. बुवा मात्र डोळे मिटून उभे होते आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

दोन दिवसांनी ऑफिसात फोन आला. ताईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. "तुमचा तो जिन्यावरचा माणूस," घोगरा आवाज म्हणाला, "वेळेत पोचला. पाय मोडलाय, पण वाचलाय! आज बायकोवर ओरडला म्हणे." त्या क्षणी जो आरडाओरडा झाला, त्यानं खालच्या दुकानातला टायरवाला घाबरून वर धावत आला.

साहेबांनी त्याच दिवशी कंपनीच्या सगळ्याच कामांची आखणी ताईंच्या हाती दिली. ताईंनी एकच अट घातली. तपासणीच्या दिवसांना कुणी हात लावायचा नाही, साहेबांनीसुद्धा. साहेब हसत हो म्हणाले. ताईंनी लगेच सगळ्यांना घरी पिटाळलं, आणि स्वतःही भर दुपारी, उन्हात, पर्स हलवत, कितीतरी दिवसांनी पायी घरी निघाल्या.