माहेरचे वाळे

पहिल्या बाळाचं बारसं माहेरात व्हायचं असतं. पण माझ्या लेकीचं माहेर म्हणजे मी. म्हणून ते कोल्हापुरात, सासरीच ठरलं. लेकीनं फोन करून "पप्पा, या" म्हटलं. मी विचारलं, "काय म्हणून येऊ गं?" तर म्हणाली, "या म्हटलंय न्हवं? मग या की." ही तोडून बोलायची रीत तिनं माझीच उचललीय.

तिची आई लवकर गेली. लेकीला मी वाढवलं, बापाच्या कपड्यात. ती कॉलेजात गेल्यावर साडी नेसायला लागले. सासरी तिनं सांगितलं होतं की बाप कुठंतरी परगावी असतो, संबंध ठेवत न्हाय. कन्यादान मामानं केलं. राग आला न्हाय असं खोटं कशाला बोलू? आला होता. पण राग धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं. हुपरीत दिवसभर वाकून चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडल्यावर माझ्यात तेवढं काय उरत न्हाय.

नातीचे वाळे मात्र मीच केले. पायाला टोचू नयेत म्हणून कडा गालावर फिरवून बघितल्या. बारसं म्हणून हिरवी साडी नेसले आणि एसटीनं गेले.

दारात चप्पल काढत होते, तोवर लेकीची आत्येसासू बाहेर आली. "बारसं हितंच हाय न्हवं?" मी विचारलं. माझी उंची, हा आवाज, हिरवी साडी. बाई लगबगीनं आत गेली आणि सुपात तांदूळ, नारळ, खण घेऊन आली. "बरं झालं आलासा. देवीची जोगतीण आपल्या पायानं आली. बाळाला आशीर्वाद द्या."

तिचं काय चुकलं न्हाय. माझ्यासारखं कुणी दारात उभं राहिलं की लोक देवीचं माणूस समजतात, मान देतात आणि दारातनंच वाटेला लावतात.

मागनं लेक बाळाला घेऊन आली. तिनं मला बघितलं, सूप बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मी मनात म्हटलं, जाऊ दे. हिचा संसार धड राहत असेल तर मी जोगतीण. लई दमले होते मी. पायरीवर बसून पदर पसरला, तांदूळ घेतले.

आत्येसासूनं लेकीकडनं बाळ घेऊन माझ्या मांडीवर दिलं. उंबऱ्याभाईर का होईना, नात मांडीवर आली. मग मला राहवलं न्हाय. पिशवीतले वाळे काढून तिच्या पायात घातले.

आत्येसासू बघतच राहिली. "अवो, मागणारं माणूस चांदी देतंय व्हय कुठं?"



"त्या मागायला आल्या न्हाईत, आत्ती," लेक म्हणाली. "माहेरचे वाळे हायत ते. माझं पप्पा हायत हे."

आतल्या बायका दाराशी आल्या. लेकीनं कुणाकडं बघितलं न्हाय. सूप बाजूला सारलं, पायरीवरची माझी चप्पल उचलून दाराच्या आत ठेवली आणि माझ्या दंडाला धरलं.

"उठा, पप्पा. पाळण्याची दोरी धरायला माहेरचं माणूस लागतंय."