बारा इंची टिन

खुटबावला आमच्या वस्तीत भाग्यश्री केक करते. दौंडला सहा दिवसांचा क्लास केला, तिथं सहा इंची गोल टिनात शिकवलं. म्हणून दोन वर्षं गावातला प्रत्येक वाढदिवस सहा इंची गोलच झाला. बारावीला गणितात तिला चौऱ्याऐंशी मार्क होते. केकच्या वेळी ते मार्क कुठं गेले, ते तिलाच ठाऊक.

तिचे सासरे म्हाळूमामा गवंडी. चाळीस वर्षं थापी चालवली, निम्म्या गावाची घरं बांधली. आता गुडघे गेलेत, म्हणून ओट्यावर बसून असतात. शाळा नाही, सहीपुरतं स्वतःचं नाव तेवढं लिहिता-वाचता येतं. सुनेच्या केकला 'फुगलेली भाकर' म्हणायचे आणि दोन तुकडे खायचे.

चौदा एप्रिलच्या भीमजयंतीचा केक दरवर्षी बाहेरच्या बेकरीतून यायचा. यंदा भाग्यश्री जयंती कमिटीच्या विनोदशी भांडली. वस्तीचा केक वस्तीतच झाला पाहिजे म्हणाली. विनोद कसाबसा तयार झाला, पण त्यानं अट घातली. "तेरा तारखेला दुपारी येतो. जमला न्हाई तर बेकरीला फोन करणार. मग पुन्यांदा केकचं नाव काढायचं न्हाई."

तिनं बारा इंची चौकोनी टिन आणला. सहाचे बारा म्हणजे दुप्पट, म्हणून मैदा, अंडी, साखर सगळं दुप्पट घेतलं. तेराला सकाळी ओव्हनमधून जे निघालं, ते बोटभरही जाड नव्हतं आणि कडा करपल्या होत्या. भाग्यश्री भिंतीला टेकून रडायला लागली. विनोद यायला तीन तास होते.

म्हाळूमामा गुडघे धरत आत आले.

"किती घेतलं व्हतं?"

"दुप्पट, मामा."

"खोली दोन्ही अंगानं दुप्पट केली तर फरशी चौपट लागती. वर तू गोलाचा चौकोन केला. चार कोपरं कोण भरणार? दोन्ही डबं आण आन् पाणी आण."

गोल टिनात पीठ जिथवर येतं तिथवर त्यांनी पाणी भरलं. चौकोनी टिनात तेवढ्याच उंचीवर खिळ्यानं खूण केली. मग गोलातलं पाणी चौकोनात ओतायला लागले. दर खेपेला भिंतीवर कोळशाची एक रेघ. बांधकामावर वाळूची घमेली ते तशीच मोजायचे. पाणी खुणेला लागलं तेव्हा भिंतीवर पाच रेघा होत्या.

"पाचपट. आन् आच कमी ठेव. मोठ्या कामाचं मधलं सगळ्यात शेवटी वाळतं."

दोन अंड्यांच्या जागी दहा फुटली. शेजारून मैदा आला. विनोद आला तेव्हा केक अजून आतच होता, आणि म्हाळूमामा ओव्हनसमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते. अर्ध्या तासानं भाग्यश्रीनं मधोमध सुई खुपसली. कोरडी निघाली. विनोदनं फोन खिशात ठेवला आणि चहा मागितला.

चौदाला विहारात केक मांडला. वर 'जय भीम' आणि खाली पुठ्ठ्यावर क्रीमनं बारीक अक्षरात एक ओळ. म्हाळूमामा वाकून बघायला लागले. ओळीतला एकच शब्द त्यांना वाचता आला.

"माझं नाव हितं कशाला? आन् म्होरं काय लिवलंय?"

"बांधकाम, मामा."

"येडी का काय तू? आजवर बांधलेल्या एका घरावर माझं नाव न्हाई."

"म्हणूनच लिवलं."

म्हाळूमामांनी उपरण्यानं डोळे पुसले, सगळ्यांदेखत.

केक पंधरा मिनिटांत संपला. पोरं पुठ्ठा कचऱ्यात टाकायला निघाली, तेव्हा म्हाळूमामांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. कडेचा चुरा झटकला, नावाला धक्का न लावता तो दोन्ही हातांवर आडवा धरला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तसाच घरी नेला.