परत नेलेली कुत्री

काल दवाखान्यात फिनेलचा वास आला आणि मलकपेठेतलं जनावरांचं ते आवार आठवलं. पोलीस ॲक्शननंतर शहर सोडून गेलेल्यांची कुत्री तिथे एकेका पिंजऱ्यात चार-चार कोंबलेली असत. कोठीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आणि त्यांच्या मैत्रिणी त्यातली काही घरोघर सांभाळायला देत. माझ्याकडे एक म्हातारी, तांबूस कुत्री आली. तिला मराठी कळेना. 'बैठो' म्हटलं की मात्र लगेच बसे. आठवड्यातच अंबरपेठेतल्या शेजारणी कुजबुजल्या, "रझाकाराची कुत्री पाळली म्हणे!" यजमान सरकारी नोकरीत. ते घाबरून म्हणाले, "नक्को ही बला, परत देऊन ये." मी तिला घेऊन गेले, तेव्हा बाईंनी हात जोडले. "जागा नाही हो. परत आलेल्यांना इथे विष घालतात. दोन दिवस ठेवून घ्या, मी दुसरं घर शोधते." मी दोरी त्यांच्या हातात दिली आणि टांग्यात बसले. कुत्री भुंकली नाही, बसून राहिली. पुढे बाई बाजारात भेटल्या, तेव्हा मी काही विचारलं नाही. यजमान भित्रे होते, असं मी आजवर सांगत आले. पण ते दोन दिवस त्यांनी कधी नाकारलेच नव्हते. मीच ते मागितले नाहीत.