अनवाणी शबनम

माझ्या सासूबाई, चांगुणाबाई, घोडीला जितक्या भितात तितक्या सापालाही भीत नाहीत. साप निघाला तर काठी घेऊन त्याच पुढे असतात. घोडीच्या बाबतीत मात्र अंगणात तिची सावली लांबली तरी बाई पदर सावरून घरात. आणि नशीब बघा, लग्न झालं ते घोडीवाल्याशीच. माझे सासरे कडूबा गेली कित्येक वर्षं वरातीला घोडी देतात. आमच्या रीतीप्रमाणे मी सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. आत्या नव्या नवरी होत्या तेव्हा घरातल्या जुन्या घोडीनं लाथ झाडली. हातातली बादली उडून भिंतीवर आपटली, चेपली. लाथ बादलीऐवजी पोटात बसली असती तर, हा विचार बाईंच्या डोक्यातून आजतागायत गेलेला नाही. घोडीला चारा टाकायच्या तोही लांबून, फेकून.

आताची घोडी म्हणजे शबनम. पांढरीशुभ्र, अंगानं सडपातळ. जालन्यातल्या एका टांगेवाल्याकडून मामांनी आणली, नावही त्याचंच. मागच्या दिवाळीच्या सुमारास आमचा नेहमीचा नालबंद थकला, म्हणून दुसऱ्याच कुणाकडून नाल ठोकून घेतली. त्याचा एक खिळा थेट जिवंत मांसात गेला. पाय सुजला, खुराच्या कडा भुसभुशीत होऊन तुटायला लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी चारही पायांची नाल काढून टाकली आणि बजावलं, की हिवाळाभर घोडी अशीच अनवाणी राहील. पण बांधून ठेवायची नाही. रोज चालवायची, आधी मऊ रानात, मग मुरमावर, मग डांबरीवर, म्हणजे खूर आपोआप कडक होतो. आणि रोज चारही पाय उचलून आतले खडे काढायचे. एखादा आत राहून पू झाला, तर घोडी जन्माची लंगडी.

हे सगळं मामांनी डोळे झाकून केलं असतं. पण मामांच्या कंबरेचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, वाकायची सक्त मनाई. नागसेन, माझा नवरा, एमआयडीसीत लोखंडी गजांच्या कारखान्यात, पहाटे जातो आणि दिवस बुडाल्यावर येतो. मी पोटुशी, मला कुणी घोडीजवळ फिरकू देईना. खरं सांगते, मला बरंच वाटलं. राहता राहिल्या आत्या.

पहिल्या सकाळी मामा खाटेवरून हुकूम सोडत होते, आधी खांद्याला हात लाव, मग तो हात हळूहळू खाली उतरव. आत्या घोडीपासून हातभर अंतरावर उभ्या. थंडी अशी की माझे दात वाजत होते, आणि आत्यांच्या कपाळावर घाम. शबनमनं नुसती शेपटी हलवली तर बाई चुलीपाशी पोचल्या. मामांना राग आला. ते स्वतःच उठायला गेले आणि अर्ध्यातच विव्हळत खाटेवर कोसळले. आत्या तिथंच बसून रडायला लागल्या. रडता रडता म्हणाल्या, "मह्यानं न्हाई होत. पण हे आसं पडून आन् ती तशी लंगडी झाल्यावर मी कोन्हाकडं बघू?"

मग उठल्या आणि डोळे मिटून खांद्याला हात लावला.

त्या दिवशी पाय उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढं कधीतरी उचलला आणि लगेच सोडून दिला, मग हळूहळू खडा निघेपर्यंत धरायला लागल्या. धीट झाल्या म्हणावं, तर तसलं काही नव्हतं. उलट भीती वाढलीच. नाल होती तोवर टापा वाजायच्या, घोडी कुठं आहे ते पाठ फिरवलेली असली तरी कळायचं. आता शबनम मांजरासारखी बिनआवाज फिरायला लागली. एकदा आत्या भांडी घासत होत्या आणि मानेवर गरम श्वास आला. त्यांच्या हातून पातेलं सुटलं, घोडी दचकून मागं सरली, आत्या पुढं पळाल्या. दोघींची छाती सारखीच धडधडत असणार. मी हसले, आणि नंतर आत्यांचा चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली.

तरी रोज सकाळी दावं धरून निघायच्या. मलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून मी थोडं अंतर ठेवून मागं. सोयाबीन काढलेल्या रानात दव पडलेलं असायचं, तिथं शबनम खुशाल चालायची. मुरमाचा रस्ता लागला की मात्र पाऊल चाचपत टाकायची, थांबायची. ती थांबली की आत्यांना धास्ती, की आता लंगडली. घरी आल्यावर मामा पहिला प्रश्न तोच विचारायचे. आत्या उत्तर द्यायच्या आधी घोडीच्या पायांकडे एकदा बघून घ्यायच्या.

कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर भंगाराचे ट्रक जातात, त्यातून लोखंडाचे बारीक तुकडे सांडतात. त्या रस्त्यानं आत्या एरवी नेत नसत. एक दिवस पलीकडची वाट खोदलेली निघाली, म्हणून इकडून वळल्या. थोडं चाललो नाही तोच शबनम जागीच उभी राहिली. पुढचा उजवा पाय जमिनीवरून अधांतरी. खुरात पत्र्याचा तुकडा घुसला होता.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं, रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. मग त्या धुळीत बसल्या. बसल्या म्हणजे घोडीच्या पायांत. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्यांनी तो पाय ओढून मांडीवर घेतला. तुकडा दोनदा बोटांतून निसटला.

"हालू नको माय," त्या घोडीला म्हणाल्या. "मलाबी लई भेव वाटून राह्यलंय."

शबनम हलली नाही. तुकडा निघाला. तो आतल्या मांसापर्यंत पोचला नव्हता. घरी येऊन पाय धुतला, औषध लावलं, आणि आत्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी घोडी नीट चालली तेव्हा त्यांनी चहा घेतला. त्यानंतर शबनमला सवयच लागली. काही टोचलं की थांबायची आणि आपणहून पाय उचलून आत्यांपुढं धरायची. आत्या दरवेळी भीत भीतच बसायच्या.

माघात शेजारच्या गल्लीतल्या संघपालचं लग्न निघालं. डॉक्टरांनी खूर तपासून सांगितलं होतं, की जवळपासची वरात अनवाणी पायांनी जमेल. शबनम तोवर दुसऱ्या कुणाच्या हातानं पाऊल टाकीनाशी झाली होती. मामांना तेवढं चालवत नव्हतं. तेव्हा लगाम आत्यांच्या हातात. बाईमाणूस नवरदेवाची घोडी धरून चाललेलं आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. थोडी कुजबूज झाली. आत्यांचं तिकडं लक्षच नव्हतं, नजर सगळी रस्त्यावरच्या खड्यांवर.

गल्लीच्या तोंडाशी पोचताच कुणीतरी घोडीच्या अगदी पुढ्यात फटाक्यांची लांबलचक माळ पेटवली. शबनमचे कान मागं गेले, डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं. माणसं भिंतींना चिकटली. वर संघपालनं तिची आयाळ गच्च धरली. मामा आणि मी कोपऱ्यावरच्या एका ओट्यावर होतो, तिथून ते ओरडले, "चांगुणा, सोड तिला, बाजूला सरक!"

घोडी उधळली नाही. तिनं पुढचा उजवा पाय उचलला आणि आत्यांपुढं धरला.

काहीतरी रुतलं, असंच आत्यांना वाटलं. भर वरातीत, धुरात, नवी साडी नेसून त्या रस्त्यावर बसल्या आणि पाय मांडीवर घेतला. अंगठ्यानं कडेकडेनं चाचपलं. मधला मऊ भाग दाबून पाहिला. खडा नव्हता, पत्रा नव्हता, खूर स्वच्छ होता आणि दगडासारखा कडक.

काही रुतलं नव्हतं. शबनम भ्याली होती.

मी ओट्यावरून पाहत होते. आत्यांनी तिचं तोंड पाहिलं, मग तो पाय खाली ठेवला नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून तशाच बसून राहिल्या, माळ पुरती विझेपर्यंत, आणि त्या दोघींत थरथरत कोण होतं ते मला तिथून सांगता येईना.