ओवीच्या डाव्या हाताची टाळी

भुतंखेतं, संचार, भास... असल्या गप्पा निघाल्या की मी चहा ठेवायला उठते. माझा विश्वास मोजमापावर. मुलुंड पूर्वेला लहान मुलांच्या थेरपी सेंटरमध्ये मी मुलांना हात चालवायला शिकवते. तरीही हे लिहितेय, कारण घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत.

ओवी सहा वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे डावा हात कमजोर. माझ्यासमोर ‘कर’ म्हटलं की त्या हाताने ठोकळा उचलायची. पण घरी? रोजच्या जगण्यात तो हात वापरलाच नाही, तर आमच्या घोटून घेण्याला काय अर्थ! तिची आई मानसी पार वैतागली होती.

"मॅडम, घरी तो हात नुसता मांडीवर पडलेला असतो. उगाच फेऱ्या मारतेय ना मी? बंदच करू का?"

म्हणून ओवीच्या दोन्ही मनगटांना घड्याळासारखे पट्टे बांधले. कुठला हात कधी, किती हलला ते पट्टे नोंदवतात. आंघोळ सोडून काढायचे नाहीत, असं बजावलं.

आठवड्याने आलेख उघडला. दिवसभर उजव्या हाताची धावपळ, डावा जवळजवळ गप्प. पण रोज दिवेलागणीला मात्र दोन्ही हात एका तालात हलत होते! मी आनंदाने लगेच मानसीला फोन लावला.

तिने नेमकी वेळ विचारून घेतली. मग म्हणाली, "तेव्हा आमची आरती असते... पट्टे काढून ठेवते मी. चामड्याचे ना ते? देवासमोर कसे चालतील?"

काळं रबर होतं ते. पण तिला चामडं वाटलं.

"ठेवतेस कुठे गं?"

"सासऱ्यांच्या खाटेवर. रिकामीच असते ना आता."

सासरे दिवाळीनंतर गेले होते. मूळचे मालवणकडचे. आरतीला नातीला मांडीवर घ्यायचे आणि तिचा डावा हात हातात धरून टाळ्या वाजवायला लावायचे, हे मला त्या फोनवरच कळलं.

सेन्सर बिघडला असणार, मी म्हटलं. पट्टे माझ्या पलंगावर ठेवून पाहिले — सरळ रेघ. मग एका संध्याकाळी त्यांच्या घरीच गेले. पट्टे खाटेवर ठेवले, पंखा बंद केला. ओवी शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती.

आरती सुरू झाली. ओवी उजव्या हाताने मांडीवर ताल धरत होती. मधेच तिने खाटेकडे पाहिलं, खुदकन हसली आणि डावा हात उचलला. कुणीही ‘कर’ म्हटलं नव्हतं. हात थरथरत पुढे गेला, मुठीतली बोटं उघडली आणि तिने समोरच्या रिकाम्या जागेत टाळी दिली.

टाळीचा आवाज आला. मी स्वतः ऐकला.

"परत, आजो!" ओवी म्हणाली. आजोबांना ती आजो म्हणायची. आणि परत हात उचलला...

मानसीचा आवाज फुटत होता, तरी तिने आरती थांबवली नाही. मला तर रडूच कोसळलं.

आरती संपल्यावर मानसी तबक घेऊन वळली. पाहुणी मी होते, पण ती आधी खाटेकडे गेली. म्हाताऱ्या माणसाला ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढी तिथे थांबली. मग तबक माझ्यापुढे धरलं.

"घ्या, मॅडम. बाबांनी घेतली."

पट्ट्यांनी काय मोजलं, मला आजही सांगता येत नाही. थेरपी बंद करायचा विषय मात्र मानसीने परत काढला नाही.