पूर्णांकवाले तात्या

तात्यांना 'अंदाजे' हा शब्द सहन होत नसे. डिस्कवर किती जागा उरली असं विचारलं, की ते अख्खी बारा आकडी संख्या वाचून दाखवत. ऐकणाऱ्याचा चहा तोवर गार होई. काशीत बालाजी घाटाच्या वर आमचं छोटं ऑफिस होतं. जुन्या पोथ्या स्कॅन करून जपायच्या, हे काम. त्याचे प्रोग्राम तात्या लिहीत आणि मी त्यांच्या हाताखाली होतो.

"दूध मापून घेतात, नारळ मोजून. बाइट म्हणजे नारळ," असं ते म्हणत. अर्धा बाइट कुणी पाहिलेला नाही, तेव्हा बेरीज पूर्णांकातच झाली पाहिजे, यावर ते अडून बसत. भलता हटवादी माणूस! यावरून त्यांनी एकदा साहेबांशीही अबोला धरला होता.

काशीत जीर्ण पोथी कुणी टाकून देत नाही, गंगेत सोडतात. एका काकूंनी सासरची पोथी सोडायची ठरवली आणि त्याआधी स्कॅनसाठी आमच्याकडे दिली. लॅपटॉपवरची प्रत सर्व्हरवर चढवायची, दोन्हीकडच्या बाइटांची बेरीज जुळली की पोथी परत करायची आणि लॅपटॉपवरचं सगळं पुसून टाकायचं, अशी आमची रीत. त्या दिवशी बेरीज जुळली. काकू पोथी घेऊन घाट उतरूही लागल्या. मी लॅपटॉपवरचं पुसायला बसणार, एवढ्यात नवा इंजिनिअर सहज बोलून गेला, "तात्या, टोटल माइनस में जा रहा था, तो मैंने फ्लोट कर दिया।"

तात्या ताडकन उठले. "अरे, आकडा मावत नाही तर भांडं मोठं घे. चाळण कशाला घेतोस?" फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, पुढचे मोजकेच अंक धरून ठेवतो; त्यात मोठ्या बेरजेपुढे बारीकशी फाइल हिशेबातच येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मला काकूंना थांबवायला पिटाळून त्यांनी चौसष्ट बिटांचा पूर्णांक घातला आणि पुन्हा मोजलं. फरक निघाला जेमतेम चारशे बाइटांचा.

होडीत बसलेल्या काकू माझ्यावर उखडल्या. "मल्लाह केव्हाचा रुकलाय! मुहूर्त टळला तर तुझे तात्या देणारेत का दुसरा?"

तेवढ्यात तात्याच धापा टाकत पायऱ्या उतरले. राहिलेली फाइल लॅपटॉपवर सापडली होती. पोथीच्या शेवटच्या पानाच्या कडेला फिकट मोडी अक्षरं होती. ती कॅमेऱ्यात उमटेनात, म्हणून तात्यांनी भिंग लावून वाचली होती आणि टाइप केली होती. काकूंना मोडी येत नव्हती. तात्यांनी त्यांना मजकूर सांगितला: ही पोथी सगुणेने स्वहस्ते उतरविली, डोळे अधू झाले आहेत, चूकभूल पोटात घालावी.

काकूंनी मांडीवरची पोथी उघडून ते पान पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्यांची आजी. पोथी तिच्याच हातची, एवढं ऐकून होते. घरात सगळे माईच म्हणायचे हो, खरं नाव कुणाला मालूमच नव्हतं. दरसाल तर्पणात गुरुजी तिथेच अटकायचे."

पोथी सोडताना त्यांनी ते नाव मोठ्याने घेतलं.

तात्यांना मूलबाळ नव्हतं. गेल्या वर्षी ते गेले, तेव्हा मणिकर्णिकेवर आम्ही ऑफिसातलेच काही जण होतो. यांना आता पाणी कोण देणार, या विचाराने मला फार वाईट वाटलं. पुढे पितृपक्षात घाटावरून जाताना काकूंचा पुतण्या तर्पण करताना दिसला. काकू वरच्या पायरीवर बसून एकेक नाव सांगत होत्या. सगळी नावं झाली असं समजून तो उठू लागला.

"रुक रे," काकू म्हणाल्या, "अजून आपले तात्या राहिलेत."